कानवाल्या पामीने घडवलेला म्हातारा

आमच्या वासेत शहरात, अमुन देवाच्या मोठ्या देवळात शिरलात की अंगणात जिवंत माणसांपेक्षा दगडी माणसे जास्त दिसतात. कोणी मांडी घालून बसलेला, कोणी गुडघे पोटाशी घेऊन चादरीत गुरफटलेला, कोणी गुडघे टेकून छातीशी छोटेसे देवघर धरलेला. सगळे पुजारी. जिवंतपणी यांची पाळी चार महिन्यांतून एकदा. मेल्यावर मात्र देवळात कायमची जागा हवी, आणि तीही अशी की देवाचा नैवेद्य बाहेर निघताना आधी आपल्या नाकासमोरून जावा.

आणि सगळ्यांचा चेहरा एकच. पंचविशीतला, गाल भरलेले, ओठांवर जरासे हसू, जणू आत्ताच पोटभर जेवून उठलाय आणि जेवण दुसऱ्याच्या घरी होते. आजोबा, बाप आणि नातू शेजारी शेजारी बसलेत, तर त्यांतला थोरला कोण हे पाठीवरचा मजकूर वाचल्याशिवाय सांगता येत नाही. तो मजकूर मी कोरतो, म्हणून हे मला ठाऊक. कधी कधी मलाही दोनदा वाचावा लागतो.

हा एकमेव चेहरा होता थोरल्या पेदेखोन्सांचा. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या तोंडासारखा नव्हे, ते तोंड तर वाळलेल्या खजुरासारखे होते. पण आमच्या कारखान्यात चेहरा कोरायचा मान एकट्या त्यांचा. दगडावर लाल रंगाने चौकोन आखायचे, इतक्या चौकोनांवर हनुवटी, इतक्यांवर भुवया, आणि मग नाकापासून सुरुवात. त्यांच्या बापानेही नाकापासूनच केली होती. बाकी आम्ही सगळे तुकड्यांचे मानकरी. एक जण फक्त हात करायचा, एक जण फक्त पाय, आणि पामी फक्त कान.

पामी म्हणजे आमच्या भाषेत बोका. जन्मला तेव्हा इतका ओरडला म्हणे की आईला दुसरे नाव सुचलेच नाही. पुढे त्याने नावाला जागून मान जाड केली आणि उन्हात झोपायची सवय लावून घेतली. पण कान! कानांच्या बाबतीत या माणसाला तोड नव्हती. सुरुवात त्याने देवळाच्या मागच्या भिंतीपाशी केली. तिथे लोक देवाला गाऱ्हाणी सांगायला येतात आणि देवाने नीट ऐकावे म्हणून कान कोरलेली दगडी पाटी वाहतात. साधे गाऱ्हाणे असेल तर कानांची एक जोडी पुरते. एकदा एक बाई आली आणि म्हणाली, "पामीभाऊ, मला बारा जोड्या पाहिजेत."

"बारा? काय झालं एवढं?"

"सासूबद्दल सांगायचंय."

"मग बाराने काय होणार? आणखी चार घ्या, देव मध्येच थकला तर?"

पाट्यांवरून तो पुतळ्यांच्या कानांवर आला आणि तिथेच राहिला. एकतीस वर्षे. आम्ही दोघे तसे मूर्तीच्या अडगळीच्या बाजूचे लोक, तो कडेला आणि मी पाठीमागे, त्यामुळे आमचे जमायचे. तो माणसांना कानांवरून ओळखायचा. समोरून त्याचा सख्खा साडू आला तरी हा तोंडाकडे बघून "कोण पाहिजे?" असे विचारायचा आणि साडूने मान वळवली की मिठी मारायचा. त्याची बायको मुतिरदी नदीवर सगळ्यांना सांगायची, "माझं नाक चपटं की सरळ, ते याला विचारू नका. सोळा वर्षं झाली लग्नाला, अजून तिथपर्यंत पोचला नाहीये."

पण या बोक्याच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. त्याला एक चेहरा करायचा होता. एकच. दर वर्षी पुराचे पाणी ओसरले की तो हात धुऊन, डोके तासून, थोरल्यांसमोर उभा राहायचा.

"थोरले, यंदा एक चेहरा द्या."

"पामी, तुझे कान सुंदर आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे कान कर."

एकतीस वर्षांत हे संभाषण एका शब्दानेही बदलले नाही. हात करणारा आणि पाय करणारा तर आधीच पैज लावून बसायचे, एका घड्यावर, बिअरच्या. मात्र थोरले नाही म्हणणार यावर दोघांचेही एकमत असल्यामुळे पैज कोणी हरायचा नाही आणि घडा वाटून प्यायला जायचा.

त्या वर्षी वेनेफेरबाबा वारले. हे देवळातले जुने पुजारी. सणाच्या दिवशी अमुन देव आपल्या सोन्याच्या नावेत बसून गाभाऱ्याबाहेर येतो, ती नाव तीस पुजारी खांद्यावर वाहतात. त्या तीस जणांना पावले टाकायला लावायचे काम चाळीस वर्षे वेनेफेरबाबांचे होते. हातात काठी, नावेच्या पुढे उलटे चालत, आणि कोणाचा पाय चुकला की शब्द नाही, फक्त एक नजर. डावी पापणी जराशी खाली, खालचा ओठ दाबलेला. ज्याच्यावर ती नजर पडली त्याचे पुढचे तीन सण सरळ जायचे.

त्यांचा मुलगा नेसमिन, तोही पुजारी, कारखान्यात आला. बापाची मूर्ती सणाआधी अंगणात बसली पाहिजे, म्हणजे या वर्षीपासून बापाला देवाच्या ताटातला वाटा मिळेल. पूर्वेच्या वाळवंटातला हिरवट काळा दगड आणला गेला. त्यातून गुडघे टेकलेले अंग निघाले, छातीशी धरलेले देवघर निघाले, देवघरातला बोटभर उंचीचा अमुन निघाला, त्याच्या डोक्यावरच्या दोन उंच पिसांसह. त्या अमुनचे तिळाएवढे कानही पामीनेच केले. खांद्यांच्या वर मात्र अजून कलिंगडाएवढा गोळा शिल्लक होता. त्यावर थोरल्यांनी लाल चौकोन आखले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी उघडताना त्यांच्या उजव्या हाताला विंचू चावला.

थोरले वाचले, पण हात कोपरापर्यंत दुधी भोपळ्यासारखा सुजला. सणाला वीस दिवस. त्यांनी खाटेवरूनच कारखान्यावर नजर फिरवली. हात करणाऱ्याने लगेच आपले हात पाठीमागे लपवले. पाय करणारा हळूच दाराकडे सरकला. उरला पामी.

"चौकोन आखलेत," थोरले कण्हत म्हणाले. "रेघ सोडायची नाही. नेहमीचा चेहरा. ऐकलंस? नेहमीचा."

"ऐकलं," पामी म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आता झाले काय, की पामी त्या गोळ्यासमोर बसला आणि त्याला नाक सुरू करता येईना. एक दिवस गेला. दुसरा गेला. तो दगडी हातोडा उचलायचा, नाकाच्या जागेवर रोखायचा आणि खाली ठेवायचा.

"काय अडलं?" मी विचारले.

"नाकाची वाट माहीत नाही रे. आयुष्यभर कडेने आत गेलो. समोरचं दार उघडायची सवय नाही."

"मग कडेने जा!" मी म्हणालो. मला वाटले मी विनोद केला.

तिसऱ्या दिवशी त्याने कान केले. आणि कान करताना हात सवयीने चालायला लागला, मन मोकळे झाले, आणि त्याला वेनेफेरबाबांचे कान आठवले. पुतळ्यांसाठी तो आजवर नेमस्त, पंचविशीतले कान करायचा. पण हे म्हातारबा महिन्यातून एकदा कारखान्यात येऊन त्याच्या शेजारी बसायचे, कांदा-भाकरी खायचे आणि पुजाऱ्यांच्या पावलांना शिव्या घालायचे. ते कान पामीला पाठ होते. सत्तर वर्षांचे कान, लोंबलेल्या पाळ्यांचे, वरच्या कडेला जाड झालेले. उजव्या कानाचा एक लचका गेलेला, कारण तरुणपणी अमुनच्या पवित्र हंसाला दाणे घालताना हंसाने दाण्यांऐवजी कान पसंत केला होता. पामीने लचक्यासह सगळे कोरले. घासून चमकवले. मग मागे सरकून बघितले आणि मटकन खाली बसला.

मी धावत गेलो. "काय झालं?"

"बघ," तो म्हणाला.

मी बघितले. कान जिवंत होते. आता या कानांच्या मध्ये, थोरल्यांच्या चौकोनांप्रमाणे, तो भरल्या गालांचा पंचविशीतला चेहरा यायचा होता. नातवाने आजोबांचे कान लावून सोंग काढल्यासारखे दिसले असते. आणि दगडातून गेलेला तुकडा काही परत चिकटवता येत नाही. कान पुन्हा तरुण होणार नव्हते.

"आता?" मी विचारले.

"आता एकच इलाज आहे," पामी हळूच म्हणाला. "चेहऱ्याला म्हातारं व्हावं लागेल."

त्याने ओल्या फडक्याने लाल चौकोन पुसून टाकले. मी आपला डोळे मिटून उभा राहिलो, म्हणजे उद्या कोणी विचारले तर मी पाहिले नाही असे खरे सांगता येईल.

पुढचे सतरा दिवस कारखान्यात दगडावर दगड आणि वाळूचा घसघस आवाज. कानांपासून तो आत आला, जबड्याच्या हाडावरून, गालाच्या खड्ड्यात, तिथून डोळ्यांखालच्या पिशव्यांपर्यंत. नाकाशी अगदी शेवटी पोचला, पाहुणा उंबऱ्याशी येतो तसा. मुतिरदी जेवण घेऊन यायची आणि तिथेच अडकायची, कारण हा तिला उजेडात बसवून तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा.

"काय बघतोयस एवढं?"

"सुरकुती डोळ्याच्या कोपऱ्यातून कशी निघते ते."

"बघ, बघ! सगळ्या तूच दिल्यायस, आता परत घेऊन जा."

"मुतिरदी," तो चकित होऊन म्हणाला, "तुझं नाक किती छान आहे गं."

ती नदीवर तीन दिवस दुसरे काही बोलली नाही.

मला मात्र झोप नव्हती. थोरल्यांचा घरून निरोप आला होता, हात बरा होताच ते बघायला येणार. नेहमीचा चेहरा नसेल तर डोके घासून नवे करायचे, आणि पामीने पुन्हा आयुष्यात चेहऱ्याचे नाव काढायचे नाही. एकतीस वर्षांनी एक दार उघडले होते, आणि हा बोका त्यातून भलत्याच घरात शिरला होता.

सणाच्या दिवशी पहाटे मूर्ती लाकडी घसरगाडीवर चढवली. पुढे एक जण वाटेवर पाणी शिंपडत होता, त्याच्या मागे आम्ही दोर ओढत होतो, मूर्तीच्या डोक्यावर फडके. अंगणात जागा तयार होती. नेसमिन नव्या तागाच्या कपड्यात, त्याची आई तेंतामुन काठी टेकत, हात गळ्यात बांधलेले थोरले पेदेखोन्स, आणि मूर्तीचे तोंड उघडायचा विधी करणारा पुजारी, हातात लाकूड तासायची छोटी वाकस घेऊन. त्या हत्याराचा मूर्तीच्या तोंडाला, डोळ्यांना, कानांना स्पर्श झाला की मग ती खाऊ शकते, पाहू शकते, ऐकू शकते. तोवर तो नुसता दगड.

फडके निघाले.

मग नेसमिनच्या घशातून चिमणीसारखा आवाज आला. "हे काय?"

"वेनेफेरबाबा," पामी म्हणाला.

"ते मला दिसतंय! पण हे असे का? पिशव्या? सुरकुत्या? माझा बाप अनंतकाळ या पिशव्या घेऊन बसणार? बाकी सगळ्यांचे बाप बघा, कसे टवटवीत! आणि कान! कानाचा लचका! अरे, घरात चाळीस वर्षं त्या हंसाचं नाव काढलं नाही आम्ही!"

थोरले पुढे आले. त्यांचे तोंड आणखी वाळले होते. "पामी, मी काय सांगितलं होतं?"

"नेहमीचा चेहरा."

"आणि हा?"

"हा त्यांचा नेहमीचाच होता, थोरले."

वाकसवाला पुजारी दोन पावले मागे सरला. म्हणाला, "आधी ठरवा. एकदा तोंड उघडलं की मला बंद करता येत नाही."

"ठरलंय," नेसमिन म्हणाला. "डोकं घासून काढा."

पामीची जाड मान, पहिल्यांदाच, खांद्यांत बुडाली. तेंतामुनकाकू इतका वेळ मूर्तीसमोर उभ्या होत्या, डोळे बारीक करून. आता त्यांनी काठी आपटली.

"कशाला घासायचं? तुझ्या बापाचं आहे ते तोंड. बावन्न वर्षं सहन केलंय मी, माझ्याइतकं कोणाला माहीत?"

"आई, तुला कळत नाही. लोक हसतील."

"मला कळत नाही? बरं. देवाला कळतं ना? आज येतोच आहे तो बाहेर. त्यालाच विचार."

यावर नेसमिन कबूल झाला. आमच्याकडे हाच शेवटचा दरबार. देवाची नाव समोर आली की प्रश्न घालायचा. नाव पुढे सरकली तर हो, मागे सरली तर नाही. गायीची चोरी, शेताची वाट, कारकुनाची नेमणूक, सगळे असेच सुटते. पण म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांचा खटला देवापुढे पहिल्यांदाच चालला होता.

कर्णे वाजले. गर्दी दुभंगली. दाराच्या दोन बुरुजांमधून नाव आली, आणि खरे सांगतो, मला देवाची दया आली. वेनेफेरबाबा गेल्यापासून ते तीस जण पार बिघडले होते. पुढचे भराभर, मागचे सावकाश, मधले विचारात. सोन्याची नाव बदकासारखी डुलत येत होती. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "देवा, धरून बस रे!" नावेपुढे उलटे चालणारा नवा माणूस घामाने भिजला होता. दोनदा त्याच्या पायात स्वतःचाच पाय अडकला.

नावेसमोर नेसमिन पालथा पडला, मग उठला आणि मोठ्याने म्हणाला, "अमुन देवा, सगळ्यांच्या स्वामी! माझ्या बापाची ही मूर्ती आहे तशीच इथे राहू द्यायची का?"

नाव थांबली. तिथेच डुलत राहिली, जराशी मागे कलली. नेसमिनच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. पामीने डोळे मिटले.

तेवढ्यात पुढच्या दांडीवरच्या उजव्या पुजाऱ्याची नजर मूर्तीवर गेली. हा धिप्पाड माणूस, वेनेफेरबाबांनी वीस वर्षे पावलांवरून सोलून काढलेला. त्याने पाहिले. डावी पापणी जराशी खाली. खालचा ओठ दाबलेला. ती नजर, थेट त्याच्या पायांवर.

त्याची पाठ सळईसारखी ताठ झाली. शेजाऱ्याने का म्हणून बघितले, आणि तोही ताठ झाला. मग मागचा, मग त्याच्या मागचा. वाऱ्याची झुळूक गव्हातून जावी तशी ती नजर तीस पाठींतून गेली. साठ पाय एकदम जुळले, डावा उचलला गेला, आणि अमुन देवाची नाव एका झटक्यात, सरळ, थरथरही न होता, सात पावले पुढे आली. इतकी पुढे की नेसमिनला बाजूला उडी मारावी लागली.

अंगण दणाणले. बायकांनी जीभ हलवून आरोळ्या ठोकल्या, खुळखुळे वाजले, कोणीतरी आपली बिअर शेजाऱ्याच्या डोक्यावर ओतली. काही शहाणे आजही म्हणतात की ते तीस जणांचे खांदे होते. असतील. देव दुसरे कशावर बसून येतो?

वाकसवाला पुजारी आता घाईने पुढे झाला. तोंडाला स्पर्श केला, डोळ्यांना केला, कानांना केला, लचक्यालाही. काकू पुढे सरकल्या, मूर्तीच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी कुजबुजल्या. एकदा काठीही उगारली. मग पामीकडे वळून त्यांनी विचारले, "ऐकू गेलं असेल ना रे त्यांना?"

"जाणारच काकू," पामी म्हणाला. त्याची मान पुन्हा खांद्यांच्या वर आली होती. "ते कान माझे आहेत."

थोरले पेदेखोन्स मूर्तीभोवती तीन फेऱ्या घालून आले. समोरून पाहिले, बाजूने पाहिले, डाव्या हाताने गालाचा खड्डा चाचपला. शेवटी ते म्हणाले, "नाक बरं आहे." थोरल्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती त्यांच्या बापालाही मिळाली नव्हती. मग खाली बघत म्हणाले, "पुढचा दगड पुराआधी येईल. चेहरा तू कर."

हात करणारा आणि पाय करणारा एकमेकांकडे बघत राहिले. पहिल्यांदाच पैजेत कोणीतरी हरले होते, आणि दोघेही हरले होते. घडा पामीच्या घरी गेला. मुतिरदीने तो दारात उभी राहून घेतला आणि नदीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "कानवाला हवाय की चेहरेवाला? कानवाला आता इथे राहत नाही!"

त्याला आता सहा वर्षे झाली. वेनेफेरबाबांना पाहून देवळातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना एकदम कळले की आपल्याला सुरकुत्या आहेत आणि त्या वाया घालवू नयेत. जो तो आपले तोंड घेऊन कारखान्यात येतो. "माझ्या कपाळावर चार आहेत, मोजून घे." "त्याला पिशव्या केल्यास, मला का नाही? मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा!" परवा तर एक तेवीस वर्षांचा पुजारी आला. गाल सफरचंदासारखे, डोके नुकतेच तासलेले. म्हणाला, "पामीकाका, माझी मूर्ती करायचीय, पण जरा अनुभवी दिसली पाहिजे."

पामीने त्याला उजेडात बसवले, हनुवटी धरून मान इकडे वळवली, तिकडे वळवली, दोन्ही कान नीट पाहिले आणि सोडून दिले.

"लग्न झालंय का?"

"नाही."

"मग आधी कर. आणि वीस वर्षांनी ये," असे म्हणून त्याने हातोडा उचलला, अर्धवट झालेल्या एका म्हाताऱ्याच्या गालात नेऊन टेकवला, आणि इतक्या मोठ्याने गायला लागला की मला माझ्या ओळीतले एक अक्षर पुन्हा कोरावे लागले.